उंबऱ्यावर हातोडा

काडी फटीतच मोडली आणि मनकर्णा खाली वाकली.

साधी काडेपेटीतली काडी. केडगावच्या या गॅरेजात फट तपासायला दुसरं हत्यार कधी आलंच नाही. मडगार्ड आणि दार यांच्यामधल्या फटीत वरून काडी घालायची आणि खालपर्यंत ओढत न्यायची. ती कुठं अडकायला नको आणि कुठं ढिलीही पडायला नको. काष्टीहून लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा आप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, सुनेच्या हातात पळीच्या आधी काडी दिली अशी चेष्टा अजून चालते. पत्रा ठोकायचे बाप आणि लेक, पण फट बसली की नाही ते सांगायची मनकर्णा. तिनं मान हलवली नाही तर गाडी रंगाला जात नसे.

आणि आज सकाळीच तिनं मान हलवली होती. आप्पांची जुनी अँबॅसिडर अंगणात उभी होती, पिस्ता रंगाची, तोंड दिसेल अशी चकाकणारी. तेव्हा चारी दारांना काडी वरून खाली सुरळीत गेली होती. मग मागच्या सीटवर विहीण आक्काबाई बसल्या, त्यांच्या शेजारी लेक मोनिका बाळाला मांडीवर घेऊन बसली, डिकीत पाळणा, लाडवांचे डबे आणि गव्हाचं पोतं गेलं, पुढं दीर ओंकार चालवायला बसला. मनकर्णानं सहज, सवयीनं, डाव्या मडगार्डाच्या फटीत काडी घातली तर ती वरच्या टोकालाच अडकून तुटली. खाली मात्र फट एवढी उघडली होती की तिच्या करंगळीचं टोक आत गेलं.

ती नवऱ्याजवळ गेली. कल्याण डिकीचं झाकण फडक्यानं पुसत होता, पुसायला तिथं काही नव्हतं तरी.

"अवो, फट मिटली वर."

"कुटली?"

"डाव्या मडगार्डाची. अन खाली उघडलीया. मानसं बसल्यावर झालं हे. गाडी कमरंत बसतीय."

"रबर नवं हाय दाराचं," कल्याण तिच्याकडं न बघता म्हणाला. "बसंल दोन दिवसांत."

"रबरानं वरच्या टोकाचा रंग उडतो व्हय? बघा की येऊन."

"हळू बोल. इहीनबाई ऐकतील."

कल्याण चिडला असता, तिला वेड्यात काढलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसताच हळू बोल म्हणाला. नवऱ्याला आधीच काहीतरी ठाऊक आहे हे तिला त्याच क्षणी कळलं आणि तिनं पोरीकडं पाहिलं. मोनिका काचेतून हसत होती. बाळ झोपलं होतं.

मोनिकाचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. पोट फाडून बाळ काढावं लागलं, त्यामुळं सासरी परतायला उशीरच झाला होता. बारसं झालं, ओटी भरून झाली, आज राहात्याला निघायचं. या घरात जन्मलेलं पोर पहिल्यांदा वेशीबाहेर जाईल ते आप्पांच्या गाडीतूनच, हा शिरस्ता. गाडी कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती म्हणून मधली दोन पोरं रिक्षानं गेली, आणि आप्पांना ते अजून लागतं. त्याच गाडीला कल्याणनं दोन वर्षं राबून उभं केलं होतं. अशात ती काय सांगणार, आणि कुणाला?

तरी तिनं सांगितलं. सरळ गाडीचं दार धरलं आणि म्हणाली, "मोनिका, खाली उतर. बाळाला घेऊन उतर."

आक्काबाई सीटवरूनच पुढं वाकल्या. बाई जाडजूड, मनानं चांगल्या, पण रीतीभातीच्या बाबतीत एक इंच मागं हटायच्या नाहीत. "काय बोलता, इहीनबाई? भरल्या ओटीची लेक गाडीत बसली. तिला खाली उतरवत्यात व्हय? शकुन-अपशकुन काय हाय का न्हाई?"

"दुसऱ्या गाडीनं जावा. ओंकार भावजींची गाडी हाय की दारात."

"वहिनी, उगं शंका काढू नका," ओंकार स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला. तो पुण्याहून खास सुट्टी काढून आला होता, आणि आप्पांनी थोरल्या लेकाऐवजी चावी त्याच्या हातात दिली याचा त्याला झालेला आनंद लपत नव्हता. "दादानं दोन वर्षं घातलीत हिच्यात. तुमीच फट पास केली ना?"

"रिकामी हुती तवा केली."

फाटकाजवळ खुर्ची टाकून आप्पा बसले होते. गोरक्षनाथ त्यांचं नाव, पण जुन्या गाड्यांचे शौकीन नगर-पुण्यापासून त्यांना आप्पा म्हणूनच ओळखत. त्यांना ऐकू कमी यायचं, आणि नेमकं जे ऐकू यायला नको ते बरोबर यायचं.

"कल्या," ते म्हणाले. "गाडीत काय खोट हाय का?"

अंगणातली सगळी माणसं कल्याणकडं वळली. पायरीवर धाकटी जाऊ, ओंकारची बायको स्नेहल, ओवाळायचं ताट घेऊन उभी होती, तीसुद्धा. तिचं आणि मनकर्णाचं दिवाळीपासून बोलणं बंद होतं. वरच्या मजल्याच्या वाटणीवरून जे झालं ते झालं, पण आज तीच एकदम बोलली, "आप्पा, ताईंची नजर फटीच्या बाबतीत चुकत न्हाई. थांबा की जरा."

मनकर्णाला वाटलं, आता तरी हा माणूस बोलेल.

"न्हाई, आप्पा," कल्याण म्हणाला. "खोट काय न्हाई."

"मग काढा गाडी."

*

कल्याणला ठाऊक होतं. सगळं नाही, पण पुरेसं ठाऊक होतं.

गाडी पोटाखाली ठोकळे लावून वर घेतली होती, इंजिन बाहेर, सीट बाहेर, तेव्हा त्यानं दारं आणि मडगार्ड बसवली. फट अशी आली की स्वतःच्याच कामाच्या प्रेमात पडावं. मग इंजिन चढवलं, गाडी चाकांवर उतरवली, तर वरची फट मिटली. त्यानं मडगार्डाचे बोल्ट सैल करून खाली वायसर, म्हणजे पातळ चकत्या, घातले आणि ती उघडली. सीट बसवल्यावर पुन्हा मिटली. पुन्हा वायसर घातले. धड गाडी एकदा बसली की बसते, ती असं पुन्हा पुन्हा मागत नाही. हे त्याला बापानंच शिकवलं होतं. प्रत्येक वायसर घालताना तो स्वतःला सांगत होता की हा शेवटचा.

आणि एकदा शेडमध्ये कुणी नसताना त्यानं उंबऱ्यावर नखानं टिचकी मारून पाहिली होती.

दाराखालची लांब जाड पट्टी, जिच्यावरून पाय आत टाकायचा, तिला आप्पा उंबरा म्हणत. बाकीची गॅरेजं काही म्हणोत. या गाडीला खाली वेगळी चासी नाही, सगळा भार त्या दोन उंबऱ्यांवर. म्हणून आप्पांनी त्याला घराच्या उंबऱ्याचा मान दिला. त्यावर पाय द्यायचा नाही, बसायचं नाही. रोज सकाळी पाणी घालून धुवायचा, हळदकुंकू लावायचं. आणि हातोडा तर कधीच लावायचा नाही. सतरा वर्षांचा असताना कल्याणनं एका फियाटच्या उंबऱ्यावर हातोडीनं ठोकून पाहिलं, तेव्हा आप्पांनी गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कानाखाली आवाज काढला. घराच्या उंबऱ्यावर हातोडा मारशील का रे, असं विचारलं. त्यानंतर या गॅरेजात मडगार्ड ठोकले गेले, दारं ठोकली गेली, छतं ठोकली गेली, पण उंबऱ्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग चढायचा, आतलं कुणी पाहायचं नाही.

त्या दिवशी टिचकीला ठणठणीत आवाज आला नव्हता. ओल्या पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा बद्द आला होता. लांबी जाड झाली असेल, असं म्हणून तो जेवायला गेला होता.

आता गाडी फाटकाकडं सरकत होती आणि कल्याणचे पाय जागचे हलत नव्हते. एक हाक मारली असती तर ओंकारनं ब्रेक मारला असता. पन्नाशीला आलेला माणूस, हाताखाली चार कारागीर, आणि बापासमोर त्याच्या तोंडातून आवाज फुटेना. त्याला स्वतःची किळस आली. पुढची चाकं गटारावरच्या फरशीवरून पुढच्या खळग्यात उतरली, मागची अलीकडं वरच राहिली, आणि कल्याणनं डोळे मिटले.

*

आवाज मोठा नव्हता. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तेवढाच. पण मोनिकाच्या पायाखालची जमीन, म्हणजे गाडीची जमीन, वीतभर खाली गेली आणि गाडी जागेवर बंद पडली.

"आगं बाई, काय झालं?" आक्काबाईंनी तिचा दंड घट्ट धरला.

"काय न्हाई, आत्या. उतरू आपन." मोनिकानं दाराचा खटका ओढला. खटका आला, दार आलं नाही. तिनं खांद्यानं ढकललं. पोटातल्या टाक्यांतून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. आक्काबाईंच्या बाजूचं दार तर हूं की चूं करेना. पुढं ओंकारकाका आपल्या दाराला लाथा घालत होता.

मग वास आला. आधी तिला वाटलं रस्त्यावरच्या एखाद्या गाडीचा असेल. तो वाढतच गेला, पायाकडून, खालून.

"काका, पेट्रोल."

ओंकारच्या लाथा थांबल्या. त्यानं चावी फिरवून काढली आणि वळून बाळाकडं पाहिलं. पुढची काच पूर्ण उतरत होती, तो कसाबसा तिच्यातून बाहेर पडला, शर्ट फाटला. मागच्या काचा अर्ध्यावरच अडायच्या, त्यांची घडणच तशी. अर्ध्या काचेतून आक्काबाईंचा एक खांदा गेला नसता, आणि पुढच्या सीटवरून चढून जायचं मोनिकाच्या पोटाला शक्य नव्हतं.

बाळ जागं झालं आणि तोंड वाकडं करून आईकडं बघू लागलं. मोनिकाला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा नाही, तिथं निदान कुणीतरी डॉक्टर होता. इथं बाप दहा पावलांवर उभा होता आणि नुसता बघत होता.

"आई!" ती ओरडली. "आई गं!"

मनकर्णा धावलीच होती. धावता धावता तिला दिसलं की गाडीखालून एक ओली रेघ निघून फरशीच्या उतारानं अंगणात येते आहे. आणि पायरीकडून स्नेहल येत होती. फाटकात गाडी थांबली की बाळाला ओवाळायचं ठरलं होतं. ती घाबरून तशीच पळत निघाली होती, हातातलं ताट ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं. ताटात निरांजन जळत होतं.

"स्नेहल! थांब! हलू नको तिथनं!"

दिवाळीनंतर जावेच्या तोंडून पहिल्यांदाच आपलं नाव ऐकून स्नेहल जागच्या जागी थबकली. ओली रेघ तिच्या चपलेपासून हातभर अंतरावर होती.

"दिवा," मनकर्णा म्हणाली. तिनं ओल्या रेघेकडं बोट केलं. "पेट्रोल हाय खाली. दिवा."

ओवाळणीच्या दिव्यावर फुंकर मारायची नसते, हे स्नेहलला तिच्या आईनं शिकवलं होतं. तिनं फुंकरही मारली नाही आणि विचारही केला नाही. जळत्या वातीवर सरळ तळहात दाबला. तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, तेवढाच. मग ताट छातीशी धरून ती मागं मागं सरकत पायरीपर्यंत गेली आणि खाली बसली.

मनकर्णानं अर्ध्या काचेतून दोन्ही हात आत घातले. मोनिकानं बाळाला आडवं केलं. डोकं आधी की पाय आधी, यावर दोघींची नुसत्या डोळ्यांनी वाटाघाट झाली. डोकं आधी आलं, टोपडं काचेच्या कडेला अडकून आतच पडलं. बाळ बाहेर आलं. मनकर्णानं ते ओंकारच्या हातात दिलं. "लांब जावा. रस्त्याच्या पल्याड जावा." आणि ती परत दाराशी येऊन उभी राहिली, कारण लेक अजून आतच होती.

तेवढ्यात कल्याण हलला. तो जॅक घेऊन आला आणि सवयीप्रमाणं त्यानं तो उंबऱ्याखाली लावला. कमरेत उचलली की वरची फट उघडेल, फट उघडली की दार सुटेल. दांडा फिरवला तसा जॅक वर आला. गाडी आली नाही. पत्रा कुरकुरला आणि जॅकचं डोकं उंबऱ्यात शिरलं.

"काढ तो!" आप्पा खुर्चीतून उठून काठीवर भार देत आले होते. "कल्या, आत शिरतोय त्यो. काढ."

"लोखंड नगं," मनकर्णा म्हणाली. "ठिनगी पडंल. फळी आना. हातानं उचला."

शेडमधली सागवानी फळी आली. पुणे रोडवरचे दोन रिक्षावाले आले, शेजारच्या हॉटेलातला छगन पीठ लागलेल्या हातांनी तसाच आला. आत जिथं सीटखालचा आडवा पत्रा धड होता, तिथं कल्याणनं आडवं पडून, पेट्रोलच्या ओलीत पाठ घालून, फळी सरकवली. "उचला!" तो खालून ओरडला. तो गाडीच्या पोटाखाली होता. फळी निसटली असती तर गाडी त्याच्या छातीवर आली असती, हे सगळ्यांना दिसत होतं. माणसांनी उचललं. मनकर्णानं वरच्या फटीवर डोळे रोखले होते. ती केसाएवढी उघडली, मग काडीएवढी.

"आता! ओढा दार!"

दार सुटलं. मोनिका बाहेर आली ती आईच्या अंगावरच पडली. आक्काबाईंना दोघांनी धरून काढलं. त्यांनी मनकर्णाचा हात धरला आणि "इहीनबाई, तुमी म्हनत हुत्या..." एवढं बोलून त्या रडायलाच लागल्या.

*

पेट्रोलवर माती टाकून झाली. स्नेहलच्या तळहाताला मनकर्णा कोरफड लावत होती. बाळ पाजून झालं होतं आणि ते पुन्हा झोपलं होतं, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

जॅकनं पाडलेल्या भोकातून उंबऱ्याच्या आतला गाळ फरशीवर सांडला होता. गंजाचे पापुद्रे, काळा चिखल, आणि त्यात पिवळे-लाल थर. मनकर्णाला तो रंग लांबूनच ओळखू आला. या घरात आल्यापासून रोज सकाळी तिनंच तिथं पाणी घातलं होतं, गाडी शेडमध्ये पडून होती तेव्हासुद्धा. पाणी जायची खालची भोकं कधीच लांबीनं बुजली होती. तिच्या हाताखाली, तिच्याच भक्तीनं, ते आतून कुजत गेलं होतं.

"मला म्हाईत हुतं," कल्याण एकदम म्हणाला. तो अंगावरची माती न झटकता उभा होता. "टिचकी मारली हुती मी. आवाज बद्द आला हुता. तुमाला भिऊन बोललो न्हाई, आप्पा."

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. "हातोडा आन," ते म्हणाले.

कल्याणनं आणला. आप्पा गाडीच्या उजव्या बाजूला गेले, जिथं सगळं शाबूत दिसत होतं. रंग नवा, फट सरळ. वाकले, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उंबऱ्यावर हातोडा मारला. फार जोरात नाही. हातोडा दांड्यापर्यंत आत गेला. त्यांनी तो काढलाही नाही, तसेच खाली फरशीवर बसले.

तिथूनच त्यांनी हाक मारली.

"कल्या, गाडी देताना आपन गिऱ्हाइकाला काय सांगतो रं?"

कल्याणला प्रश्न कळायला वेळ लागला. नवी करून दिलेल्या प्रत्येक गाडीबरोबर आप्पा एक नारळ देत आणि चार गोष्टी सांगत. उंबऱ्यावर पाय देऊ नका. रोज पाण्यानं धुवा. हळदकुंकू लावा. कुणी मिस्त्री त्याला हातोडा लावायला आला तर लावू देऊ नका. लोकांना ते फार आवडायचं. लोक ते पाळायचे.

"लाव फोन," आप्पा म्हणाले. "समद्यांना लाव."

कल्याणनं मोबाईल काढला. हात पेट्रोलनं बुळबुळीत झाले होते, पडदा बोट घेईना. श्रीगोंद्याचे नृसिंह कुलकर्णी, निवृत्त हेडमास्तर, त्यांची फियाट दिल्याला बरीच वर्षं झाली. आज रविवार. रविवारी मास्तर गाडी बाहेर काढतात, हे साऱ्या श्रीगोंद्याला माहीत. फोन त्यांच्या सुनेनं उचलला.

"यामिनीताई, कल्याण बोलतोय, केडगावचं गॅरेज. ती फियाट जागची हलवू नका. आमच्याकडनं चूक झालीया. मी स्वतः येतो न्यायला."

"अहो, पण गाडी घरी नाहीये," यामिनी म्हणाली. "बाबा मघाशीच घेऊन गेले. मढीला दर्शनाला जायचं चाललं होतं कधीचं. जाताना मागचं दार काही केल्या लागेना, शेवटी सगळ्यांनी मिळून दाबलं तेव्हा कुठं लागलं. का हो? काय झालं?"

फाटकात अँबॅसिडर मधोमध वाकून उभी होती. आप्पा, मनकर्णा, ओंकार, सगळे कल्याणच्या तोंडाकडं बघत होते. या वेळी त्याचा आवाज फुटला.

"ताई," त्यानं विचारलं, "मागं कोन कोन बसलंय?"